वाफसा, हुंडी, भरखत: बागेच्या शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत रोपांच्या तक्रारींपेक्षा शब्दांच्या तक्रारी जास्त आहेत. नर्सरीवाला एक शब्द वापरतो, खताच्या पिशवीवर दुसराच छापलेला असतो आणि गावाकडचे काका तिसरा सांगतात. नवीन माणसाची पंचाईत होते. म्हणून हे सदर या महिन्यात शब्दांना दिलं आहे. उत्तरं मुख्यतः गॅलरी-गच्चीतल्या कुंड्यांना धरून आहेत.

प्रश्न: वडील शेतकरी आहेत. फोनवर नेहमी सांगतात, "वाफसा बघून पाणी दे." शेतातला वाफसा कळतो, पावसानंतर औत घालण्याजोगी झालेली जमीन. कुंडीत तो कसा बघायचा? (पुणे)

उत्तर: कुंडीतही तोच. मातीच्या कणांमध्ये लहानमोठ्या पोकळ्या असतात. पाणी दिलं की सगळ्या भरतात. थोड्या वेळाने मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निचरून जातं आणि तिथे हवा शिरते. बारीक पोकळ्यांत मात्र ओल टिकून राहते. मुळांना हवा आणि ओल दोन्ही एकदम मिळतात ती अवस्था म्हणजे वाफसा. हवा हा त्यातला महत्त्वाचा भाग, आणि नेमका तोच विसरला जातो. मुळं श्वास घेतात. प्राणवायू मिळाला नाही तर भोवती पाणी असूनही त्यांना ते ओढून घेता येत नाही, आणि वरचं झाड माना टाकतं. मालकाला वाटतं तहान लागली; तो आणखी पाणी घालतो. कुंडीतली बहुतेक झाडं अशीच जातात.

तपासायला यंत्र नको. वरून दोन इंच खोलवरची चिमूटभर माती काढून मुठीत दाबा. बोटांना चिखल लागला तर अजून ओल जास्त आहे. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला तर वाफसा आहे, पाणी नको. गोळाच होत नसेल तर पाण्याची वेळ झाली. कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात ही परीक्षा नीट चालत नाही, तिथे कुंडी एका बाजूने उचलून वजनाचा अंदाज घ्या. आठवडाभरात हाताला सवय होते.

पाणी द्यायचं ठरलं की मात्र पोटभर द्या. 12 इंची कुंडीला दीड-दोन लिटर लागतं; खालच्या भोकातून पाणी आलं की थांबा. ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. रोज कपभर शिंपडणं सगळ्यात वाईट, कारण वरचे दोन इंच कायम चिखल आणि खाली ठणठणाट, अशी मुळांची कोंडी होते. मे महिन्यात हीच कुंडी रोज पाणी मागेल, डिसेंबरात तीन-चार दिवसांनी, आणि झडीच्या पावसात आठवडाभर मागणारच नाही.

आणखी एक. दुपारी दोनला भोपळ्याची, जास्वंदीची पानं लोंबली आणि संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर काळजी नको. पानांतून पाणी उडून जाण्याचा वेग मुळांच्या वेगापेक्षा जास्त झाला, एवढंच. सकाळी सातलाही पानं लोंबलेली असतील तर माती बघा. कोरडी असेल तर पाणी द्या. ओली असेल तर मुळं कुजायला लागलेली आहेत.

प्रश्न: रोज अंघोळीनंतर तुळशीला तांब्याभर पाणी घालते. तरी दरवर्षी एक तुळस वाळते. काही दोष असेल का? (डोंबिवली)

उत्तर: दोष कुंडीच्या आकाराचा. अंगणातल्या वृंदावनात पुष्कळ माती असते, दिवसभर ऊन असतं, तिथे तांब्याभर पाण्याने काही बिघडत नाही. खिडकीच्या जाळीत ठेवलेल्या सहा इंची कुंडीत माती असते जेमतेम दोन लिटर. तिला रोज तांब्याभर पाणी म्हणजे वाफसा कधी येतच नाही. नेम मोडू नका, पळीभर घाला. खरं पाणी वरच्यासारखं माती बघून द्या. कुंडी निदान 10 इंची घ्या, आणि पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा. मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडा, एखाददुसरी बियांसाठी ठेवा. बी धरायला लागली की तुळशीची पानवाढ थांबते आणि खोड लाकडासारखं होतं. तसंही तुळस दोन-तीन वर्षांनी थकते, तोवर शेजारी नवं रोप तयार असलेलं बरं.

प्रश्न: आमच्या शेतातली काळी माती कसदार आहे. गच्चीवरच्या कुंड्यांत तीच भरली, तळाला दोन इंच खडीही घातली. पण माती दगडासारखी होते आणि पाणी कडेने वाहून जातं. (परभणी)

उत्तर: काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण मोठं. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. शेतात ती खोलवर पसरलेली असते, पाणी खाली जायला वाव असतो, भेगा पडल्या तरी चालतं. कुंडीत आकसली की कडेला फट पडते. तुम्ही घातलेलं पाणी त्या फटीतून थेट तळाला जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. तात्पुरता उपाय म्हणजे कुंडी बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबले की काढायची. कायमचा उपाय मिश्रण बदलणे.

खडीबद्दल थोडं सविस्तर, कारण ही चूक जुनी आणि सार्वत्रिक आहे. तळाला खडी घातली की निचरा सुधारतो असं वाटतं. प्रत्यक्षात बारीक कणांतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही; वरची माती पूर्ण चिंब झाल्याशिवाय ते थेंब सोडत नाही. म्हणजे जो चिखलाचा थर कुंडीच्या तळाशी राहायचा तो खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ आला. भांडी घासायचा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. गळायचं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळेल. खोल कुंडी उथळ कुंडीपेक्षा चांगली निचरते ती याच कारणाने. खडी घालून तुम्ही खोल कुंडी उथळ करता. भोकावर माती अडवायला एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे.

12 इंची कुंडीत साधारण 15 लिटर मिश्रण बसतं. त्यासाठी लाल किंवा पोयट्याची (नदीच्या गाळाची) माती दोन भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत दोन भाग, कोकोपीट एक भाग, वर मूठभर म्हणजे 50 ग्रॅमच्या आसपास निंबोळी पेंड. काळी मातीच वापरायची असेल तर ती एकच भाग घ्या आणि कोकोपीट व भाताची तुसं मिळून दोन भाग करा. चिकण मातीत ओंजळभर वाळू मिसळून काही साधत नाही. कुंडी काठोकाठ भरू नका, वर दीड-दोन इंच जागा सोडा.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्यातला भुगा. ते ओल धरतं आणि माती भुसभुशीत ठेवतं, पण त्यात अन्न जवळजवळ नसतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं रोप पंधरा-वीस दिवसांत पिवळं पडतं ते म्हणून. 650 ग्रॅमची वीट चारेक लिटर पाण्यात भिजवली की फुगून आठ लिटरच्या घरात जाते. स्वस्त विटांमध्ये क्षार असतात, तेव्हा भिजवून, पिळून, ते पाणी टाकून पुन्हा एकदा धुवा.

शेणखत घेताना पोत्यात हात घालून बघा. काळपट, भुसभुशीत, वास मातीचा आणि आत गरमपणा नाही, असं असेल तर कुजलेलं. शेणाचा वास येत असेल, पोत्याच्या आत ऊब लागत असेल तर दोन महिने सावलीत, ओलसर ठेवून द्या. इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून काढा. त्यांत हुमणी असू शकते आणि ती कुंडीत मुळं कुरतडते. वरून झाड सुकत जातं, कारण सापडत नाही.

प्रश्न: भरखत, जोरखत, वरखत यांत फरक काय? आणि 19:19:19 म्हणजे काय? दुकानदार म्हणतो सगळं एकच. (कोल्हापूर)

उत्तर: एकच नाही. भरखत म्हणजे शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत. भरपूर घालावं लागतं, अन्न थोडं मिळतं, पण माती घडते ती यानेच. जोरखत म्हणजे पेंडी: निंबोळी, भुईमूग, करंज, शिवाय हाडांचा चुरा. मात्रा कमी, अन्न जास्त, तेही कुजत कुजत हळूहळू मिळणारं. वरखत म्हणजे युरिया, डीएपी, 19:19:19 यांसारखी रासायनिक खतं, ताबडतोब लागू होणारी.

आकड्यांत बघा म्हणजे अंदाज येईल. शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का, युरियात 46 टक्के. एक किलो शेणखतातून मिळणारं नत्र 11 ग्रॅम युरियात असतं. पण शेणखत ते महिनोन्महिने देतं आणि युरिया काही दिवसांत. जमिनीत टाकलेला चमचाभर युरिया पसरतो. कुंडीत त्याला जायला जागा नसते. मुळांभोवतीचं पाणी खारट होतं आणि मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात, यालाच रोप "जळलं" म्हणतात. असं झालं तर कुंडीच्या मापाच्या तिप्पट पाणी थांबत थांबत ओतून क्षार धुऊन काढायचे. कुंडीत युरिया वापरूच नये हे आमचं स्पष्ट मत.

पिशवीवरचे तीन आकडे नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) याच क्रमाने असतात. 19:19:19 म्हणजे तिन्ही 19-19 टक्के. उरलेले 43 टक्के ही भेसळ नव्हे. ही अन्नद्रव्यं ज्या क्षारांतून येतात त्यांतले ते इतर घटक. नत्राने पानं आणि शेंडे वाढतात, स्फुरद मुळांना आणि फुलोऱ्याला लागतं, पालाश फळं पोसायला आणि झाड चिवट ठेवायला. गुलाबाला पानंच पानं आणि कळी नाही असं झालं तर आधी ऊन तपासा, मग नत्र जास्त होतंय का ते बघा.

कुंडीसाठी 19:19:19 लिटरला एक ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी एकदा, आणि तेही वाफशावर. कोरड्या मातीत कधीही नाही. आधी साधं पाणी, दुसऱ्या दिवशी खताचं. भरखत मात्र वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि ऑक्टोबरात, कुंडीतली वरची दोन इंच माती खुरप्याने काढून तिच्या जागी घाला.

केळीच्या सालींचं पाणी, कांद्याचं पाणी, तांदळाचं धुवण यांविषयी दर महिन्याला पत्रं येतात. नुकसान नाही, पण त्यांतून मिळणारं अन्न किरकोळ. साली कंपोस्टच्या डब्यात घाला, तिथे त्यांचं खरं खत होईल. अंड्याची टरफलं अख्खी टाकली तर वर्षानुवर्षं तशीच राहतात. मिक्सरमध्ये पीठ करून घाला.

प्रश्न: मोगरा आणि लिंबाची पानं पिवळी पडतात. कुणी नत्र द्या म्हणतं, कुणी लोह. पाणी बोअरचं आहे. (सोलापूर)

उत्तर: आधी कोणती पानं पिवळी पडताहेत ते सांगता आलं पाहिजे. नत्र झाडाच्या अंगात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं पूर्ण पिवळी होतात. लोह असं हलत नाही. कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुन्या पानांवर शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, असं असेल तर मॅग्नेशियम.

बोअरचं पाणी आणि कोवळी पिवळी पानं असतील तर बहुधा लोहच. पण मातीत लोह नसतं असं नाही. इथे सामू हा शब्द येतो: माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. 7 मध्यम, खाली आम्ल, वर अल्कधर्मी. बहुतेक फुलझाडांना 6 ते 7 मानवतो. बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्याने सामू 8 च्या दिशेला सरकतो आणि मातीत असलेलं लोह मुळांना उचलता येत नाही. कुंडीच्या कडेला पांढरी पूड दिसते ना, ते त्याच पाण्याचे क्षार.

चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह. पुडीवर 'इडीडीएचए' असेल ते अल्कधर्मी मातीतही टिकतं, ते लिटरला एक ग्रॅम करून कुंडीत ओता. 'इडीटीए' असलेलं तिथे लवकर निकामी होतं. ते पानांवर फवारायला ठीक, लिटरला अर्धा ग्रॅम, संध्याकाळी. पिवळी झालेली जुनी पानं परत हिरवी होतीलच असं नाही, नवी फूट कशी येते त्यावर गुण ठरवा. पावसाळ्यात कुंड्या दोन-चार मोठ्या सरींखाली ठेवल्या तर क्षार फुकटात धुतले जातात. आणि हो, माती सतत ओली राहत असेल तरी अशीच लक्षणं दिसतात. म्हणजे पुन्हा वाफसा.

प्रश्न: रोपाच्या पिशवीवर 'पूर्ण ऊन' लिहितात. किती तास? माझी गॅलरी दक्षिणेला आहे, हिवाळ्यात ऊन भरपूर, पावसाळ्याच्या तोंडावर मात्र गुलाब रुसतो. (ठाणे)

उत्तर: पूर्ण ऊन म्हणजे थेट ऊन सहा तास किंवा जास्त. अर्धसावली म्हणजे तीन-चार तास, शक्यतो सकाळचं. बाकी सगळा नुसता उजेड, त्यात मनी प्लांट आणि स्नेक प्लांट जगतात, गुलाब नाही.

तुमचं निरीक्षण अचूक आहे. मुंबई-ठाण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावर, किंचित उत्तरेकडेच असतो. वरच्या मजल्याचा स्लॅब दक्षिणेच्या गॅलरीचं ऊन पूर्ण अडवतो. त्या काळात गुलाब, शेवंती कठड्याच्या अगदी बाहेरच्या कडेला न्या किंवा गच्चीत हलवा. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांना उलट याच दिवसांत ऊन दिसतं. पश्चिमेला असाल तर एप्रिल-मेच्या दुपारी 50 टक्क्यांची हिरवी जाळी लावा.

प्रश्न: नर्सरीवाला म्हणाला, "हुंडी फोडू नका." दुसरीकडे वाचलं की मुळं मोकळी करून लावा. (नाशिक)

उत्तर: हुंडी म्हणजे मुळांना धरून असलेला मातीचा गोळा. पिशवीतून काढल्यावर तो भरभरून सुटला तर बारीक केसाळ मुळं तुटतात, आणि पाणी शोषणारी तीच असतात. म्हणून आदल्या दिवशी पाणी द्या, पिशवी ब्लेडने उभी कापा, ओढू नका. मुळं गोळ्याभोवती गोल गोल गुंडाळली असतील तेवढ्यापुरता अपवाद: तीन-चार ठिकाणी उभे, अर्धा इंच खोल छेद द्या, नाहीतर ती तशीच गोल फिरत राहतात. जुन्या पिशवीत माती जेवढ्या उंचीवर होती तेवढीच नव्या कुंडीत ठेवा. टोमॅटो मात्र निम्म्या खोडापर्यंत खोल लावला तरी चालतो, त्याला खोडावर मुळं फुटतात.

कुंडी बदलताना दोन ते चार इंचांनी मोठी घ्या. चार इंची रोप एकदम 14 इंची कुंडीत लावलं तर ज्या मातीत मुळंच नाहीत ती माती दिवसेंदिवस ओली राहते.

प्रश्न: बियांच्या पाकिटावर 'एफ 1' असतं. त्या टोमॅटोचं बी धरून लावलं तर फळं वेगळीच आली. शिवाय रोपं उगवल्यावर बुंध्याशी कापल्यासारखी पडतात. (मडगाव)

उत्तर: एफ 1 म्हणजे संकरित वाणाची पहिली पिढी. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून ती सगळी सारखी येते, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. फसवणूक नाही, पण बी धरायचं असेल तर देशी किंवा सुधारित सरळ वाण घ्या.

पडणाऱ्या रोपांना रोपं कोलमडणं म्हणतात. हे मातीतल्या बुरशींचं काम. दाट पेरणी, सतत ओल आणि कोंदट जागा मिळाली की दोन दिवसांत अख्खा ट्रे आडवा होतो. पडलेली रोपं उचलणार नाहीत. ती माती टाकून द्या. पुन्हा पेरताना नवं मिश्रण, किलोला पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी), आणि पाणी ट्रेखालच्या ताटलीतून. बी किती खोल? त्याच्या जाडीच्या दुप्पट ते तिप्पट. टोमॅटो-मिरचीला अर्धा सेंटिमीटर, भेंडीला दोन. बहुतेक न उगवलेलं बी खोल गाडलेलं असतं.

उगवल्यावर पहिली दिसतात ती बीजदलं, खरी पानं नव्हेत. खऱ्या पानांची पहिली जोडी आली की विरळणी करा: दोन रोपांतलं अशक्त रोप उपटू नका, कात्रीने कापा, म्हणजे शेजाऱ्याची मुळं हलत नाहीत. टोमॅटो 25-30 दिवसांनी, मिरची 35-40 दिवसांनी हलवा. त्याआधी आठवडाभर रोपं कणखर करून घ्या: पहिल्या दिवशी तासभर ऊन, मग रोज वाढवत. सावलीतलं रोप थेट उन्हात ठेवलं की पानं पांढरी पडतात. भेंडी, मुळा, गाजर, कोथिंबीर यांना हलवणं मानवत नाही, जागेवरच पेरा. धण्यांमध्ये दोन बिया जोडलेल्या असतात, लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा आणि पेरा. आठ-दहा दिवस धीर धरा.

प्रश्न: गुलाबाला जोमदार लांब फांदी आली, पण फूल नाही. शेजारी म्हणतात ती रानटी. (सातारा)

उत्तर: शेजारी बरोबर असण्याची शक्यता मोठी. नर्सरीतला गुलाब बहुधा डोळा भरलेला असतो: खाली चिवट मुळांचा खुंट, त्यावर हव्या त्या जातीचा डोळा, म्हणजे जिथून फूट निघते ती कळी. बुंध्याशी गाठ दिसते तो सांधा. सांध्याच्या खालून आलेली फूट खुंटाची, ती सगळं अन्न ओढून घेते आणि मूळ जात मरते. माती थोडी उकरून फूट जिथून निघते तिथून खाली ओढून तोडा; कात्रीने वरच्यावर कापली की दुप्पट फुटते. पानातल्या पात्यांची संख्या मोजून ओळखायची पद्धत भरवशाची नाही, सांधा बघा. सांध्याच्या वरून आलेली जाड, लालसर फूट मात्र राखा, पुढची फुलं तिच्यावरच येतात. लावतानाही सांधा मातीच्या वरच ठेवा.

मुख्य छाटणी पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका काप. साधारण दीड महिन्यात फुलं.

कलमांच्या नावांचा गोंधळ अनेकांनी लिहिला आहे, इथेच उरकू. छाट कलम म्हणजे फांदीचा तुकडा रोवणं: पेन्सिलीएवढा जाड, सहा-आठ इंच, तीन-चार डोळे, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरका. दोन कापांत फरक ठेवला की उलटं रोवलं जात नाही. जास्वंद, मोगरा, अंजीर याने होतात. गुटी कलमात फांदी झाडावरच ठेवून एक इंच रुंदीची साल गोलाकार काढायची, उघडं पडलेलं लाकूड खरवडायचं, ओलं शेवाळ गुंडाळून वर प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. पानांतलं अन्न सालीतून खाली जाताना तिथे अडतं आणि मुळं फुटतात, महिना-दोन महिन्यांत प्लॅस्टिकमधून दिसतात. खरवडायला आळस केला तर साल परत जुळते आणि मुळं येत नाहीत. डाळिंब, लिंबू, पेरू, पावसाळ्यात. आंब्याला खुंटावर कलमकाडी (हव्या त्या जातीची काडी) बसवावी लागते. ते हात बसलेल्याकडून शिका.

प्रश्न: जास्वंदीवर पांढरा कापूस. कडुलिंबाचं तेल मारलं, पानं करपली, कापूस तसाच. (रत्नागिरी)

उत्तर: हा पिठ्या ढेकूण, दुकानात मिलीबग म्हणतात. अंगावरच्या मेणामुळे पाणी त्याला लागत नाही. तेल पाण्यात नीट मिसळलं नसावं आणि उन्हात मारलं असावं, त्यामुळे पानांवर तेलाचे ठिपके तळले गेले.

आधी जास्त माखलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. मग पाइपच्या जोरदार धारेने उरलेले पाडा. नंतर फवारणी: भांड्यात एक मिली पातळ साबण आणि तेल आधी एकत्र घोटा, दुधाळ झालं की थोडं थोडं पाणी घालत लिटर करा. बाटलीवर 1500 पीपीएम (तेलातल्या कीडनाशक घटकाचं प्रमाण) असेल तर लिटरला पाच मिली, 10,000 असेल तर दोन-तीन. ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून आणि फांदीच्या बेचक्यांत मारा, त्याच दिवशी संपवा. अंड्यांतून नवे निघत राहतात, म्हणून सहा-सात दिवसांच्या अंतराने तीनदा. आणि मुंग्या बघा. ढेकणांच्या गोड चिकट्यासाठी त्या त्यांना सांभाळतात, त्यांच्या शत्रूकिड्यांना हाकलतात. कुंडीचे पाय पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवून मुंग्यांची वाट तोडा. ताटलीतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर डास.

फवारणी म्हणजे पानांवर. आळवणी म्हणजे तेच मुळांशी ओतणं. लेबलवर आळवणी असेल तर 12 इंची कुंडीला पाव ते अर्धा लिटर द्रावण पुरे.

प्रश्न: इथे सगळे 'झोन 7' म्हणतात. भारतातून आणलेल्या सवयींत हे बसत नाही. कढीपत्ता जगेल का? (न्यू जर्सी)

उत्तर: झोन फक्त थंडी सांगतो: वर्षातल्या सगळ्यात थंड रात्रीच्या किमान तापमानाची सरासरी. झोन 7 म्हणजे उणे 18 ते उणे 12 अंश सेल्सियस. उन्हाळा, पाऊस, माती यांबद्दल तो आकडा काही बोलत नाही. कढीपत्ता जमिनीत जगणार नाही, कुंडीत जगेल. रात्री 10 अंशांच्या खाली जायला लागल्या की आत, दक्षिणेच्या खिडकीत. हिवाळ्यात पानं गळतील, घाबरून पाणी वाढवू नका, उलट निम्म्यावर आणा आणि खत बंद.

प्रश्न: कंपोस्टच्या डब्याला घाण वास येतो आणि अळ्या झाल्या. फेकून देऊ? (वाशी)

उत्तर: नको. वास म्हणजे आत हवा नाही, ओल जास्त. एक भाग ओल्या कचऱ्याला मापाने दोन भाग सुका पालापाचोळा किंवा कोकोपीट घाला, काठीने तळापर्यंत हलवा, डब्याच्या बुडाला आणि कडांना भोकं आहेत ना ते बघा. मूठभर घेऊन दाबलं तर एक-दोन थेंब यावेत, धार नाही. करड्या जाड अळ्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या, त्या कचरा झपाट्याने फस्त करतात. सुका थर वाढवला की कमी होतात. आमटी, दूध, तळणीचं तेल घालू नका. दीड-दोन महिन्यांनी मूळ पदार्थ ओळखू येईनासा झाला की चाळा, आणि चाळणीवर उरलेलं पुढच्या डब्याला विरजण म्हणून वापरा.